आडनाव नको, नंबर सांगा

आमच्या ग्रंथालयात कुणी सवयीनं आडनाव सांगायला लागला, की खिडकीतला कारकून त्याला मध्येच थांबवतो. "आडनाव नको, नंबर सांगा." नवा माणूस जरा बिचकतो. जुने वाचक मात्र पायरी चढतानाच नंबर म्हणत येतात. एक आजोबा तर बँकेतही हाच नंबर सांगून बसले होते.

ही नंबराची पद्धत बाहेरची माणसं बघायला येतात. तिचं श्रेय मला देतात. आमच्या स्मरणिकेत माझ्या फोटोखाली तसं छापलेलं आहे. मी बोलायला मुळात कमी, त्यामुळे लोकांनी गप्प बसण्याचा अर्थ विनय असा लावला. वीस-बावीस वर्षं मी तो अर्थ लावू दिला. या अंकाच्या संपादकांनी 'ग्रंथालयातले गमतीदार अनुभव' लिहा म्हटलं तेव्हा गमतीचे बरेच सुचले. पण ते लिहायला बसलं की प्रत्येक वेळी मध्ये एक माणूस येऊन उभा राहायचा. तेव्हा त्याच्यासकट लिहितो.

आमचं मूळ ग्रंथालय गिरगावातलं, दोन खोल्यांचं. वाचक म्हणजे कचेऱ्यांतले कारकून, शाळामास्तर, वकील आणि त्यांच्या घरच्या बायका. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यानं मुंबई पेटलेली होती, त्या दिवसांत आमचे कार्यवाह भाऊसाहेब यांच्या मनात आलं की पुस्तकं गिरणगावात गेली पाहिजेत. भाऊसाहेब निवृत्त शाळा तपासनीस. बोलणं मोजकं, धोतर कडक. कार्यकारिणीत कुणीतरी म्हणालं, "तिथं वाचणार कोण?" भाऊसाहेब म्हणाले, "ते उघडल्यावर कळेल." झाला ठराव.

शाखा उघडायला मला पाठवलं. मी बावीस वर्षांचा, मॅट्रिक, नोकरी कच्ची. परळला एका पिठाच्या गिरणीवर माळ्याची खोली मिळाली. खाली चक्की सुरू झाली की वर सगळं थरथरायचं. फळीवरची पुस्तकं दिवसभर मुंगीच्या पावलानं पुढे सरकत यायची आणि पाचच्या सुमारास एकेक करून उडी मारायची. पीठ तर सगळीकडे. वाचक पुस्तक उघडून आधी फुंकर मारायचे, मग वाचायचे. गिरगावचे एक सभासद पाहणीला आले. परत जाऊन त्यांनी अहवाल दिला की परळ शाखेची पुस्तकं ज्वारीची आहेत.

वाचणार कोण, याचं उत्तर मात्र पहिल्या महिन्यातच मिळालं. गिरणी कामगार पुस्तक पाळीप्रमाणे मागत. पहिली पाळी असली की, "मास्तर, जाड द्या, आठवडा निघाला पायजे." ओव्हरटाइम असला की पातळ. एकजण फक्त मधूनच उघडून बघायचा. संवाद जास्त असतील तर न्यायचा. "वर्णन नको मास्तर, दिवसभर सूत बघतोच."

आणि खानावळवाल्या सुभद्राकाकी. मालवणकडच्या. बावीस एकट्या पुरुषांना दोन वेळा जेवू घालायच्या. पहिल्याच दिवशी खिडकीशी येऊन म्हणाल्या, "मास्तर, माका वाचूक येना नाय. पण माझे बावीस जण आसत. एकान वाचूचा, बाकीच्यांनी जेवताना ऐकूचा. बुक माझ्या नावार देवा."

"काकी, नियमात एका नावावर एकच वाचक."

"मगे काय बावीस बुका देतलास?"

मी एकच दिलं. ते परत आलं तेव्हा सत्तराव्या पानापर्यंत त्यावर सोलकढीचे डाग होते, पुढे एकही नव्हता. काकींना विचारलं. म्हणाल्या, "थंयसून गोष्ट रंगली. कोण जेवूकच नाय."

आता बाहेरच्यांसाठी धंद्याची थोडी माहिती. तेव्हा पद्धत अशी होती. प्रत्येक पुस्तकात एक कार्ड, प्रत्येक वाचकाच्या नावाचं एक छोटं पाकीट. वाचकानं पुस्तक नेलं की पुस्तकातलं कार्ड काढायचं आणि त्याच्या पाकिटात ठेवायचं. पुस्तक परत आलं की पाकीट शोधायचं, कार्ड काढून पुस्तकात घालायचं. सगळी पाकिटं लाकडी ड्रॉवरमध्ये आडनावाच्या अक्षरक्रमानं उभी. गिरगावात हे सुरेख चालायचं.

परळला आडनावं मोजकीच आणि माणसं पोत्यानं. सावंत, परब, राणे, गावडे. एका ड्रॉवरचा अर्धा भाग नुसता सावंतांचा. त्यात बाबू सावंत पाच. दोन एकाच चाळीतले, एकाच मजल्यावरचे. मुदत उलटली की आम्ही पोस्टकार्ड पाठवायचो. एकदा त्यातल्या लग्न न झालेल्या बाबू सावंताला कार्ड गेलं: 'आपण नेलेले बाळंतपणाचे पुस्तक मुदत संपूनही परत आलेले नाही.' पोस्टकार्ड चाळीत पोचतं म्हणजे आधी सगळी चाळ वाचते, मग ज्याचं त्याला मिळतं. दुसऱ्या दिवशी बाबू खिडकीवर मूठ आपटत होता. "मास्तर, माझं लग्न ठरत होतं हो! मुलीचे मामा आमच्याच मजल्यावर राहतात!" मी मामांना भेटून समजावून आलो. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग पुस्तक नेलं कुणी?"

या सगळ्यात एक दिवस अर्जुन आला.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. पहिली पाळी सुटल्यावर, केसांत सुताची पांढरी कुसं, तिशीचा माणूस. साचेखात्यात कापड विणायचा. अर्ज घेतला, टेबलावर ओणवा होऊन सावकाश भरला आणि मला दिला. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं. नाव: अर्जुन. वडिलांचं नाव: सोनू. आडनाव: तिथं एक सरळ रेघ.

"आडनाव राहिलं," मी म्हणालो.

"राहिलं नाय. नाय लिवलं."

"का?"

"ऑक्टोबरात नागपूरला जाऊन आलो. जुनं आडनाव गावाला होतं, ते गावालाच ठेवलं. नवीन अजून ठरलं नाय. भाऊ एक म्हणतो, मेव्हणा दुसरंच म्हणतो. रोज भांडणं. ठरलं की कळवतो."

"पण पाकीट लावायचं कुठं? आडनावानं लागतात."

"मग शेवटी लावा. ज्ञ च्या मागं जागा असेल ना?"

तो हसत होता. मीही हसलो. "वर पाठवतो," म्हणालो. वर म्हणजे गिरगावला, मुख्य कचेरीत. तो गेला. मी अर्ज ड्रॉवरमध्ये तळाशी कागद अंथरलेला होता, त्याच्याखाली सरकवला.

इथं मला थांबून नीट लिहिलं पाहिजे. पाकीट ज्ञ च्या मागे लावता आलं असतं. अ मध्ये अर्जुन म्हणूनही लागलं असतं. नियमावलीत 'पूर्ण नाव' एवढंच होतं, आडनावाची सक्ती कुठंही नव्हती, आणि नियमावली मला पाठ होती. नागपूरला जाऊन आलो म्हटल्यावर तो कोण हेही मला कळलं होतं. तरी मला त्याच्या तोंडून आडनाव हवं होतं. ते मिळेपर्यंत मी त्याला दारात उभा ठेवला. आमच्या घरी गिरगावात शिवाशिव कुणी बोलून दाखवत नसे. मोलकरणीचा कप वेगळा असायचा, एवढंच. तसंच माझं. मी त्याला नाही म्हणालो नाही. हसून बोललो, खुर्ची दिली. फक्त पाकीट केलं नाही.

वर्तमानपत्रांचं टेबल सगळ्यांना खुलं होतं. अर्जुन रोज पाळी सुटली की तिथं यायचा. लढ्याचे दिवस, एकेका वर्तमानपत्राभोवती दहा डोकी. मागच्यांना दिसायचं नाही म्हणून एकानं मोठ्यानं वाचायचं अशी आपोआप प्रथा पडली, आणि वाचायचं अर्जुननं, हेही आपोआप ठरलं. त्याचा आवाज चक्कीच्या वर जायचा. मंत्र्याचं भाषण असलं की तो ते अशा गंभीर चेहऱ्यानं वाचायचा की सगळं टेबल खो खो हसायचं आणि एका शब्दाचीही त्यानं भर घातलेली नसायची.

शिक्क्याचा गोंधळही तेव्हाचाच. आमच्या पुस्तकांवरच्या गोल शिक्क्यात खाली 'मुंबई राज्य' असं होतं. एका परबानं पुस्तक परत ढकललं. "कुठलं राज्य? आम्ही मानत नाय. शिक्का बदला, मग वाचतो." त्याच्या मागच्यानंही ढकललं. संध्याकाळपर्यंत खिडकीत पुस्तकांचा ढीग. शेवटी मी ब्लेडनं रबरी शिक्क्यातलं 'राज्य' खरवडून काढलं. गिरगावला कळवलं नाही. भाऊसाहेब पुढं एकदा आले, शिक्का बघितला, चष्मा पुसला, परत बघितला आणि म्हणाले, "झिजलेला दिसतो." एवढंच. असा माणूस होता तो.

वर्तमानपत्र संपलं की अर्जुन खिडकीशी यायचा. "मास्तर, पाकीट झालं?"

"वर गेलंय."

"अजून वरच?"

"कमिटी भरली नाही."

एकदा त्यानं कपाटाकडे बोट दाखवलं. त्यात शाळेची पुस्तकं होती, फक्त पाकीट असलेल्यांना घरी मिळायची. "त्यातली गणिताची आणि व्याकरणाची पायजेत. सातवीच्या फायनलला बसतोय. गिरणीच्या टाइम ऑफिसात एक जागा निघणार आहे, फायनल पास मागतात. साचा सोडून खुर्चीवर बसायचं म्हणतोय जरा."

"आलं की देतो," मी म्हणालो.

अर्ज माझ्या कोपरापासून वीतभर अंतरावर होता.

असे चार महिने. परीक्षा आली, गेली. तो बसला की नाही, मी विचारलं नाही. त्यानं सांगितलं नाही. फक्त एके दिवशी खिडकीशी येऊन नुसताच थांबला, "पाकीट" हा शब्द काढलाच नाही, आणि जाऊन वर्तमानपत्र वाचायला लागला. मला हायसं वाटलं. हेही लिहायला हवं.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांत परळहून मोठा मोर्चा निघाला. दुपारची वेळ. कोपऱ्यावर पोलिसांनी अडवलं, अश्रुधूर सोडला आणि माणसं दिसेल त्या जिन्यात शिरली. खालच्या चक्कीवाल्यानं शटर ओढलं, पण जिना माझाच उघडा. बघता बघता पंधरा माणसांच्या खोलीत साठ माणसं. डोळे लाल, पाण्याची घागर मिनिटात रिकामी. सुभद्राकाकी त्यांच्यातच, हातात भाजीची पिशवी तशीच. "मास्तर, दार लाव आधी, मगे माझ्या तोंडाकडे बघ!"

दार लावायच्या गडबडीत कुणाचा तरी धक्का लागला आणि पाकिटांचा उभा ड्रॉवर संच आडवा झाला. सहाशे पाकिटं जमिनीवर. वर फळ्यांवरचं पीठ खाली आलं. खोलीभर शिंका. बाहेर शिट्ट्या वाजताहेत, धावपळ चाललीय, आत साठ माणसं शिंकताहेत आणि मी गुडघ्यांवर बसून रडायच्या बेतात.

"मास्तर, उठा. साठ जण आहोत, लावून टाकू." अर्जुनचा आवाज.

आता बाहेर जाता येत नव्हतंच. सगळे फतकल मारून बसले आणि पाकिटं गोळा करायला लागले. ज्याला स्वतःचं मिळे तो ओरडे. सावंतांचा ढीग सगळ्यात उंच झाला. पाचही बाबू सावंत योगायोगानं आतच होते. त्यांनी आपापलं पाकीट ओळखायचा प्रयत्न केला आणि दोघांची त्यावरून जुंपली.

"हे माझं."

"तुझं कसं? यात बाळंतपणाचं कार्ड आहे."

"मग तुझं!"

सगळी खोली हसली. शेजारच्या राण्यानं अर्जुनला कोपर मारलं. "तुझं कुठाय रे अर्जुना? तू तर रोजचा."

अर्जुन म्हणाला, "माझं वर गेलंय."

त्याच वेळी त्याच्या हाताखाली ड्रॉवरच्या तळाचा कागद आला. तो झटकताना त्यातून अर्ज पडला. त्यानं तो उचलला, पीठ फुंकलं, आपलंच अक्षर वाचलं. मी दोन हात अंतरावर बसलेलो. मला वाटलं, आता साठ माणसांसमोर हा माझी चामडी लोळवणार. त्यानं अर्ज दोन बोटांत धरून माझ्याकडे बघितलं आणि हळूच, मला एकट्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, "वर गेलेलं खाली आलं वाटतं."

आणि अर्ज माझ्या खिशात घातला.

मग तो सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला. "हे असं कधीच लागायचं नाय मास्तर. गिरणीत आम्ही दोन हजार माणसं. किती सावंत असतील? मुकादम आडनाव विचारतो का? तिकीट नंबर विचारतो. नंबरानं पगार, नंबरानं हजेरी. तुम्ही पाकिटांना नंबर टाका. नावाची वही वेगळी ठेवा, नुसत्या नावाची. कुणी नंबर विसरला तर वहीत बघायचं. आडनावाची भानगडच नको."

एक बाबू सावंत म्हणाला, "इथं पण नंबर? गिरणीत कमी आहे काय?"

अर्जुन म्हणाला, "तिथं नंबर विचारतात तेव्हा राग येतो, खरं आहे. पण इथं आडनाव विचारतात तेव्हा जास्त येतो." आणि तो माझ्याकडे न बघता पाकिटं जुळवायला लागला.

तीन तास आम्ही आत होतो. तेवढ्यात साठ माणसांनी सहाशे पाकिटांना नंबर टाकले. काकींनी पिशवीतली काकडी चिरून वाटली. बाहेर शांत झाल्यावर माणसं निघाली ती आपापला नंबर पाठ करत. मोर्च्याच्या घोषणांनी बसलेले घसे, त्यात "एकशे बारा, एकशे बारा" असं पुटपुटणं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्जुनचं पाकीट केलं. संध्याकाळी त्यानं गणिताचं पुस्तक नेलं. पुढच्या वर्षी फायनल पास झाला. टाइम ऑफिसातली जागा तोवर भरली होती. तो साच्यावरच राहिला.

त्याच आठवड्यात अर्ज मंजुरीसाठी गिरगावला नेले. भाऊसाहेबांनी अर्जुनच्या अर्जावर बोट ठेवलं. मला वाटलं, आडनाव विचारणार. ते म्हणाले, "तारीख चार महिन्यांपूर्वीची कशी?"

"पत्ता तपासत होतो," मी म्हणालो.

"वाचकाला थांबवू नये," म्हणाले आणि सही केली. रेघेकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही.

नंबराच्या पद्धतीवर मी टिपण लिहिलं. 'परळ शाखेतील अनुभवावरून असे सुचवावेसे वाटते की...' कुणाला सुचलं ते लिहिलं नाही. मराठीत अशी वाक्यं फार सोयीची असतात, त्यांत माणूस लागतच नाही. कार्यकारिणीनं ते वाचून माझं अभिनंदन केलं. मी ते घेतलं. नोकरी पक्की झाली. गिरगावात तीच पद्धत आली, दादरला शाखा निघाली तिथं आली. महाराष्ट्र झाला, नवा शिक्का आला. दोन खोल्यांची एक इमारत झाली, सहाशे पाकिटांची हजारो झाली, आणि अर्जावरून आडनावाचा रकाना गेला तो गेलाच. कोणत्याही चाळीतला कुणीही येतो, नंबर सांगतो, पुस्तक नेतो. याचा मला अभिमान आहे. तो खोटा नाही. नुसता माझा नाही, एवढंच.

भाऊसाहेब जाऊन दहा वर्षं झाली. त्यांचा फोटो मोठ्या दालनात आहे.

यंदाच्या वार्षिक सभेत माझा सत्कार ठरला. शाल, नारळ, 'क्रमांक पद्धतीचे जनक' वगैरे. अर्जुन जुना सभासद, तिसऱ्या रांगेत बसलेला. केस आता सुताशिवायच पांढरे. शेजारी त्याची मुलगी सुजाता, नायगावच्या म्युनिसिपल शाळेत शिक्षिका. माझ्या खांद्यावर शाल पडली आणि मला ती सहन होईना. मी माईक घेतला. गेल्या वीस वर्षांत सभेत मी एवढा बोललो नसेन. म्हणालो, ही युक्ती माझी नाही. मोर्च्याच्या दिवशी, पिठात बसून, अर्जुन सोनू यांनी सुचवली. मी ती आपली म्हणून खपवली.

टाळ्या झाल्या. अध्यक्षांना काय करावं सुचेना. त्यांनी माझ्या खांद्यावरची शाल काढून अर्जुनच्या खांद्यावर घातली. अर्जुन म्हणाला, "घडी मोडलेली चालते मला." हशा झाला. मला वाटलं, सुटलो.

सभेनंतर जिन्यात त्यानं मला गाठलं. सुजाता दोन पायऱ्या खाली उभी होती.

"मास्तर, अर्धंच सांगितलंत."

मी हातातला नारळ दुसऱ्या हातात घेतला.

"युक्ती घेतलीत त्याचं काय नाय. युक्त्या मला रोज सुचतात, घरच्यांना विचारा किती त्रास आहे. ते चार महिने राहिले."

"सगळ्यांसमोर..." मी म्हणालो.

"सगळ्यांसमोर नको हो. हिच्यासमोर." त्यानं खालच्या पायरीवरच्या सुजाताकडे मान केली. "मी घरी काय सांगितलं माहीत आहे? माझा अर्ज वर अडकला होता. गिरगावच्यांनी अडवला. तुम्ही रोज समोर दिसणार, समोरच्या माणसावर राग धरून पुस्तकं कशी बदलायची? म्हणून राग वर पाठवून दिला. ही लहानपणापासून ऐकतेय. ही मोठ्या दालनात कधी बसत नाय. त्या फोटोखाली बसणार नाय म्हणते."

सुजाता म्हणाली, "बाबा, चला."

ती दोघं उतरून गेली. चांगलं बोलता येत नाही, लिहिता येतं, ही माझी नेहमीची सबब. म्हणून हे लिहिलं. भाऊसाहेबांनी कुणाचाही अर्ज अडवला नाही. कमिटीनं अडवला नाही. कुणी मला तसं सुचवलं नाही, डोळ्यानंसुद्धा खुणावलं नाही. परळच्या माळ्यावर, पिठाच्या धुरळ्यात, एका माणसाचं एक वर्ष मी एकट्यानं ड्रॉवरमध्ये ठेवलं.

संपादकांकडे पाठवायच्या आधी हा मजकूर घेऊन मी गेल्या रविवारी अर्जुनच्या घरी गेलो आणि दोघांसमोर मोठ्यानं वाचला. माझा आवाज त्याच्यासारखा नाही. अर्जुननं डोळे मिटून ऐकलं. बाळंतपणाच्या कार्डाला हसला. मोलकरणीच्या कपापाशी डोळे उघडले, परत मिटले.

वाचून संपल्यावर तो म्हणाला, "हं. आता बरोबर आहे. एकच चूक. बाबू सावंत पाच नव्हते, सहा होते. सहावा कर्ज काढून गावी गेला होता." आणि चहा टाकायला उठला.

सुजातानं कागद माझ्या हातातून घेतले. शिक्षिकाच ती. दोन ऱ्हस्व-दीर्घ सुधारले, एक वाक्य तोडून दोन केली. शेवटच्या पानावर तिचं पेन थांबलं.

"भाऊसाहेबांचं कळलं. त्यांच्याबद्दल मी चुकीचं बोलत होते, ते मी सुधारीन," ती म्हणाली. "बाबांचंही झालं असेल, ते तसेच आहेत. माझं अजून झालेलं नाही. हेही लिहा."

लिहिलं.